दोनशे रोपं, की एकच झाड दोनशे वेळा?

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेची प्रेसनोट आली. 'दुर्मीळ शिंदळ माकुडीच्या दोनशे रोपांची गडावर लागवड.' सोबतच्या फोटोत बारा माणसं आणि एक रोप. मी ती बातमी चार कॉलम लावली. आज तिच्याविरुद्ध लिहितोय, म्हणजे आधी माझ्याच विरुद्ध.

नावाला हसू नका. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडलेलं. ही वनस्पती जगात फक्त आपल्या महाराष्ट्रात आहे, तीही शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, कड्याच्या कपारीत. मांसल खोड, तांबूस चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके. एकदा पाहिलं की विसरत नाही.

आता गंमत बघा. हिची फांदी तोडून लावली की सहज जगते, आणि इथंच घोळ आहे. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे त्याच आईची हुबेहूब नक्कल. दोनशे फांद्या एकाच कुंडीतल्या असतील तर गडावर एकच झाड दोनशे वेळा लावलंय. त्याला न झेपणारा रोग आला तर सगळी एकदम जातील. शिवाय बऱ्याच वनस्पतींना स्वतःचाच पराग चालत नाही. तसं इथंही असेल तर फुलं येतील, फोटो निघतील, पण बी धरणार नाही.

नंतर मी फोन करून विचारलं, मूळ फांद्या कुठल्या कड्यावरच्या?
"साहेब, नर्सरीतनं आणल्या."
नर्सरीनं कुठून आणल्या? पुढे शांतता.

"आता झाडांचीपण डीएनए टेस्ट करायची का?" असं एकाने मला चहाच्या टपरीवर विचारलं. हो, करायची! पानाचा छोटासा तुकडा घ्यायचा, सिलिका जेलमध्ये सुकवायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. झाडाला काही होत नाही. कुठल्या कड्यावर विविधता शिल्लक आहे, कुठली झाडं एकमेकांची सख्खी आहेत, कुणाची फांदी घ्यायची, हे त्यातून कळतं. शिवनेरीचं रोप सज्जनगडावर न्यावं का? कदाचित त्या मिश्रणानेच वंश तगेल, कदाचित त्या कड्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेलं काहीतरी बिघडेल. हे सत्काराच्या स्टेजवर ठरवायचं काम नाही.

ऑस्ट्रेलियात वोलेमी पाइन १९९४ मध्ये सापडला. जंगलात मोठी झाडं शंभराच्या आत. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए तपासला, तर झाडं जवळपास एकसारखी निघाली. मुळं कुजवणारा रोग बुटांच्या मातीतून पोचू नये म्हणून त्या दरीचा पत्ता आजही गुप्त आहे. आपण लोकेशन टाकून रील बनवतो.

पैसे नाहीत म्हणू नका. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोशाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी मंजूर केलेत. त्यात देशी बियाणं आहे, जनावरं आहेत, चांगलंच आहे. कड्यावरच्या या झाडासाठी त्यातले किती, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा. मीही विचारतोय.

आणि संस्थावाल्यांनो, यंदा प्रेसनोट पाठवताना प्रत्येक रोपाची आई कुठल्या कड्यावरची ते लिहा, तपासणीचा कागद जोडा. नसेल तर बातमी लागणार नाही. मालकांना फोन करून उपयोग नाही, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.