काडतुसं किती, हा प्रश्न नेमका कुणाचा?

शस्त्र परवान्यावर काडतुसांसाठी दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी घरात किती बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची. बंदूकवाल्यांच्या बैठकीत बसलात तर कळेल की बंदुकीपेक्षा या दोन आकड्यांवरच जास्त खल चालतो. पंचवीस पुरतील की शंभर हवीत? दुकानात टंचाई झाली तर? उद्या दंगल झाली तर? मी संशोधनासाठी जबलपूरला राहते आणि सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत ही चर्चा मी चहासोबत बऱ्याचदा ऐकली आहे. माणसं सभ्य, सुशिक्षित, बहुतेक निवृत्त. “ठेवावीत जास्तीच, काय सांगावं,” असं एकजण म्हणतो, बाकीचे माना डोलावतात. कुणापासून धोका आहे हे कुणी विचारत नाही. आणि ते अशा घराबद्दल बोलत असतात, ज्याच्या जवळच हायकोर्ट आहे आणि ज्याच्या फाटकावर चौकीदार बसतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा प्रश्न कधी आलाच नाही. आपल्या आजोबांना काडतुसं किती ठेवावीत हे ठरवायचं नव्हतं, गावातल्या कुणाच्या घरात किती आहेत हे मात्र त्यांना ठाऊक होतं. बंदूक चालली नाही तरी ती काम करते. खांद्याला लावून ती नुसती चावडीवरून फिरली की मजुरीचा दर ठरतो, पाणवठ्यावरची रांग ठरते. म्हणून काडतुसांचा साठा ही खाजगी आवडनिवड आहे असं मानायला मी तयार नाही.

सिव्हिल लाइन्स हे नावच बघा. शहरापासून अंतर राखून गोऱ्या साहेबांसाठी आखलेली वस्ती. याच जबलपुरात 18 सप्टेंबर 1857 रोजी गोंड राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्याआधी स्लीमनने ठगांच्या बंदोबस्ताचं ठाणं इथेच मांडलं होतं. माणसाला जन्मानेच गुन्हेगार मानण्याची ती सवय पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. 1878 मध्ये लिटनचा शस्त्र कायदा आला. गोऱ्यांना सूट, देशी माणसाला परवाना. हा अपमान आहे असं काँग्रेसच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांनी वारंवार म्हटलं, आणि तो होताच. पण त्याच काळात, 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला, महारांची सैन्यभरती बंद केली गेली. लढवय्या जाती कोणत्या आणि न लढवय्या कोणत्या याची यादी इंग्रजांनी केली, आणि ती आपल्याकडच्या वर्णव्यवस्थेला सहज पचली. या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. स्वतः सुभेदाराचे पुत्र असलेले बाबासाहेब 1891 मध्ये महूच्या छावणीत जन्मले, ते हे दार बंद होत असतानाच. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. आज तिचं केंद्र जबलपूरपासून फार लांब नसलेल्या सागरमध्ये आहे.

ही यादी स्वातंत्र्यानंतर संपली असं वाटत असेल तर कोडगूकडे बघा. तिथे ‘जन्माने कोडव’ असणाऱ्यांना आणि जम्मा जमीनधारकांना काही शस्त्रांसाठी परवान्याची गरजच नाही. ही सूट इंग्रजांच्या काळातली. केंद्र सरकारने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली, आणि कर्नाटक हायकोर्टाने 2021 मध्ये ती उचलून धरली. जन्मावर आधारलेलं आरक्षण म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यापैकी कुणी या सवलतीविरुद्ध मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

आता कायद्याचा तो भाग, जो आपल्याला कुणी शिकवत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. त्यातला नियम 3 अत्याचार होण्याआधी काय करायचं ते सांगतो. सरकारने अत्याचारप्रवण भाग ओळखावेत. गरज वाटल्यास त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रं जप्त करावीत. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत. हे एखाद्या पँथरच्या भाषणातलं वाक्य नाही, भारत सरकारच्या राजपत्रातलं आहे. नियम करणाऱ्याला पक्कं माहीत होतं की बंदूक कुणाकडे आहे आणि ती कुणावर रोखलेली आहे.

त्यातले ‘गरज वाटल्यास’ हे शब्द मात्र नीट वाचा. गरज कुणाला वाटायची? 1996 मध्ये बिहारच्या बथानी टोल्यात 21 जण मारले गेले, 1997 मध्ये लक्ष्मणपूर बाथेमध्ये 58. दोन्हीकडे आरोप रणवीर सेनेवर होता. नियम तेव्हा ताजे होते. पुढे 2012 आणि 2013 मध्ये पाटणा हायकोर्टाने दोन्ही खटल्यांतले दोषी सोडून दिले. 2019 मध्ये सोनभद्रच्या उम्भा गावात जमिनीसाठी दहा गोंड आदिवासींना गोळ्या घालण्यात आल्या. 2022 मध्ये जबलपूरला लागून असलेल्या दमोह जिल्ह्यातल्या देवरानमध्ये एकाच दलित कुटुंबातल्या तिघांना. आणि 2 एप्रिल 2018 चा भारत बंद? महाराष्ट्रातून गेलेल्या सुभाष काशिनाथ महाजन खटल्याच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट केला म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात माणसं गोळ्यांनी मेली. ग्वाल्हेरमध्ये पिस्तूल चालवणारा माणूस सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “गुन्हे कट्ट्याने होतात, परवान्याच्या बंदुकीने नाही.” अर्धं खरं आहे. देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना हत्यारानेच होतात. पण कट्टा काय खातो? गावठी कट्टा लोहाराच्या भट्टीवर बनतो, लेथवर बनतो. काडतूस तसं बनत नाही. त्याला कारखाना लागतो, बारूद लागते, टोपी लागते. म्हणूनच कट्टे बनतात ते बारा बोअर आणि .315 च्या मापाचे, म्हणजे परवानाधारकाला दुकानात जे काडतूस मिळतं त्याच मापाचे. बारा बोअरची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीतल्या सरकारी कारखान्यात बनतात. तिथून दुकानात, दुकानातून परवानाधारकाच्या कपाटात. त्या कपाटातून कुठे जातात याचा हिशेब कुणी मागितलाय? लग्नात हवेत उडवली असं सांगितलं की झालं. 2019 च्या दुरुस्तीने हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड लावला आहे. तरी वराती सुरूच आहेत. एका वरातीत हवेत गोळ्या उडतात, आणि दुसऱ्या वरातीत नवरदेवाला घोड्यावर बसण्यासाठी पोलीस बंदोबस्त मागावा लागतो. (जबलपुरात तर सरकारी कुलूपही भरवशाचं नाही. 2018 मध्ये इथल्या लष्करी डेपोतून एके-47 मुंगेरला पोचत असल्याचं उघड झालं. मग बंगल्यातल्या कपाटाचं काय घेऊन बसलात!)

तर किती ठेवावीत? माझं उत्तर लपवत नाही. घराच्या रक्षणासाठी बंदूक असेल तर डझन-दीड डझन पुष्कळ झाली. दारावर आलेल्या चोराशी कुणी तासभर लढाई करत नाही, आणि जमाव आला तर एका माणसाला शंभर काडतुसंही पुरत नाहीत. सराव करायचा तर रेंजवर करा, तिथेच घ्या, तिथेच संपवा, रिकामी टोपणं परत द्या. त्याहून जास्तीचा साठा ज्याला हवा आहे, त्याला घर राखायचं नाही, दबदबा राखायचा आहे. दोन हातांच्या माणसाला तीन बंदुका कशाला, असा विचार 2019 मध्ये संसदेने केला आणि तीनाच्या दोन केल्या. काडतुसांबाबत तोच विचार व्हायला हवा.

आपल्यातही एक रोमँटिक सूर आहे: आम्हालाही बंदुका द्या, मग बघू. त्या रागामागचं दुःख मला परकं नाही. 1892 मध्ये लिंचिंगविरुद्ध लिहिताना आयडा बी. वेल्सने प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असावी असं सुचवलं होतं. ज्यांच्यावरून आपल्या पँथरने 1972 मध्ये नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरांनी ऑकलंडच्या रस्त्यांवर उघडपणे बंदुका घेऊन गस्त घातली. झालं काय? 1967 मध्ये कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी घालणारा मलफर्ड कायदा केला आणि गव्हर्नर रेगनने त्यावर सही केली. तोवर बंदूक हे स्वातंत्र्य होतं, काळ्या हातात आली आणि ती धोका झाली. आपल्याकडे वेगळं होईल? पारध्याच्या पालावर दोन काडतुसं सापडली तर पूर्ण पाल ठाण्यात बसतं. बंगल्यातल्या दोनशेची चर्चा ‘छंद’ म्हणून होते.

संविधान सभेतही हा वाद झाला होता. मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरि विष्णू कामत यांनी 1948 मध्ये शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क असावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, हा त्यांचा मुद्दा होता. मी त्यात आजच्या अनुभवाची भर घालते: सरसकट हक्क आला तर ज्याच्याकडे जमीन आणि पैसा आहे तो शंभर पेट्या घेईल आणि आपण एक बंदूक कर्जावर घेऊ. म्हणून नियम 3 मधला माझा क्रम ठरलेला आहे. आधी त्यांची कपाटं रिकामी करा. ज्या कुटुंबाला खरंच धोका आहे, जे साक्षीदार आहेत, ज्यांचा खटला उभा आहे, त्यांना परवाना द्या, पण तो पोलीस संरक्षणाच्या बदल्यात नको, त्याच्यासोबत हवा.

“एवढ्या बंदुका जमा करणं शक्य नाही,” असं अधिकारी सांगतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की काय होतं? छाननी समिती बसते, नोटिसा निघतात आणि थोड्याच दिवसांत ठाण्यांमध्ये बंदुकांच्या रांगा लागतात. मतपेटीसाठी जे जमतं ते वस्तीसाठी का जमत नाही?

तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. गावातून फोन येतो तेव्हा अर्ज तुम्हीच लिहिता. मग हेही लिहा. नियम 17 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावं ओळखली आहेत? तिथे परवाने किती, प्रत्येकावर काडतुसांचा आकडा काय? नियम 3 खाली 1995 पासून किती परवाने रद्द केले, अनुसूचित जाती-जमातीच्या किती लोकांना दिले? हा विषय समितीच्या किती बैठकांत आला, त्यांची इतिवृत्तं द्या. प्रत्येक परवान्याला युनिक नंबर देऊन राष्ट्रीय डेटाबेसमध्ये त्याची नोंद केलेली असते, तेव्हा “आकडेवारी संकलित नाही” हे उत्तर आलं तर पहिलं अपील लगेच टाका, त्याला तीस दिवसांची मुदत असते. आणि परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या माणसाला कुणी “जमीनजुमला किती?” म्हणून परत पाठवलं, तर शस्त्र कायदा, 1959 चं कलम 14(2) त्याच्यासमोर ठेवा: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार लेखी मागा, कारणांसह.