लिव्हरपूल सोडणारा अडत्या: औद्योगिक क्रांतीतील एक दुर्लक्षित स्थलांतर

१/ इ.स. १७६९. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात एका नव्या कारखान्याच्या आवारात दोन भागीदारांसाठी दोन घरे उभी राहत होती. एक कुंभाराचे, दुसरे विक्रेत्याचे. कुंभार तेथे राहिला; विक्रेता मात्र तेथे कधीच स्थायिक झाला नाही. औद्योगिक क्रांतीचे मर्म कारखान्याच्या भट्टीपेक्षा या दुसऱ्या घरात अधिक स्पष्ट दिसते. #थ्रेड

२/ कुंभार म्हणजे जोसाया वेजवुड. विक्रेता म्हणजे थॉमस बेंटली. पहिल्याचे नाव जगभरच्या चिनीमातीच्या भांड्यांवर कोरले गेले. दुसऱ्याचे नाव बहुधा तळटिपेत सापडते. यात एका माणसावर अन्याय होतो हे खरेच. पण त्याहून मोठी हानी अशी की त्या युगाचे आपले आकलनच एकांगी राहते.

३/ दोघांची भेट १७६२ ची. घोडेप्रवासात वेजवुडच्या आधीच अधू असलेल्या गुडघ्याला इजा झाली आणि त्याला लिव्हरपूलमध्ये अंथरुणाला खिळून राहावे लागले. उपचार करणाऱ्या मॅथ्यू टर्नरने त्याची बेंटलीशी ओळख करून दिली. दोघे जवळजवळ समवयस्क होते. वेजवुडचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. बेंटली बहुश्रुत होता, युरोपात फिरलेला होता, फ्रेंच जाणणारा होता.

४/ बेंटली हा लिव्हरपूलचा व्यापारी. लवकरच तो वेजवुडच्या मालाचा तेथील अडत्या झाला. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर आणि आपल्या ओळखींच्या बळावर विकणारा, तो अडत्या. भांडी वखारीत उतरवून घेणे, अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांवर चढवणे, उधारी वसूल करणे, कोणता नमुना खपतो आणि कोणता पडून राहतो ते कळवणे, ही सारी त्याची कामे.

५/ त्याचे काम वखारीपुरते थांबले नाही. कच्च्या रस्त्यांवरून नाजूक भांडी नेताना फुटतूट फार होई. ट्रेंट आणि मर्सी या नद्या कालव्याने जोडाव्यात म्हणून वेजवुडने चळवळ उभारली. तिच्यासाठी १७६५ मध्ये निघालेल्या पुस्तिकेचा प्रमुख लेखक बेंटली होता. १७६६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि १७७७ मध्ये कालवा पूर्ण झाला.

६/ येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्या काळचे लिव्हरपूल हे ब्रिटनच्या गुलाम-व्यापाराचे प्रमुख बंदर होते. बेंटली गुलामगिरीच्या विरोधात होता असे त्याचे चरित्रकार सांगतात. तरीही ज्या बंदरातून आणि ज्या बाजारपेठांत तो व्यापार करी, त्यांची समृद्धी त्या अमानुष धंद्याशी जोडलेली होती. व्यक्तीचा विवेक आणि तिच्या शहराची संपत्ती यांतील ही विसंगती इतिहासाने नोंदवलीच पाहिजे.

७/ दरम्यान वेजवुडचे नशीब उघडले. राणी शार्लटसाठी केलेल्या चहाच्या संचामुळे त्याच्या मलईच्या रंगाच्या भांड्यांना ‘क्वीन्सवेअर’ हे नाव मिळाले. लंडनमधील मागणी वाढू लागली. पण तेथील व्यवहारात मदत करणारा त्याचा भाऊ जॉन १७६७ मध्ये मरण पावला. माल तयार होत होता. विश्वासाचा माणूस उरला नव्हता.

८/ वेजवुडने बेंटलीला भागीदारीसाठी गळ घातली. बेंटली मागेपुढे पाहत राहिला, आणि ते स्वाभाविकच होते. लिव्हरपूलमध्ये त्याची पेढी होती, मित्र होते, त्याने उभारणीत भाग घेतलेले प्रार्थनामंदिर होते. अडत्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे गाव. तेथे कोणाची उधारी बुडेल आणि कोणाचा शब्द खरा ठरेल, हे तो जाणतो. गाव सोडणे म्हणजे ते भांडवल मागे ठेवणे.

९/ अखेर त्याने लिव्हरपूल सोडले. पेढी मोडली नाही. तिचा तेथील कारभार भागीदार जेम्स बोर्डमनकडे गेला. वखार, वह्या, येणी-देणी दुसऱ्याच्या हाती सोपवता येतात. ग्राहकाच्या मनाची जाण आणि कमावलेला विश्वास वहीत उतरत नाही. व्यापाराच्या प्रत्येक हस्तांतरात हा अवघड भाग असतो, आणि नेमका तोच इतिहासाच्या नजरेतून निसटतो.

१०/ १३ जून १७६९ रोजी नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. कारखान्याचे नाव एट्रुरिया. वेजवुडने स्वतःच्या हातांनी मातीला कलशांचा आकार दिला आणि बेंटलीने चाक फिरवले. ऑगस्टमध्ये भागीदारीच्या करारावर सह्या झाल्या. मात्र ही भागीदारी केवळ शोभेच्या वस्तूंपुरती होती. रोजच्या वापराची भांडी तिच्याबाहेर होती.

११/ बेंटलीसाठी घर एट्रुरियात बांधले गेले, पण त्याची गरज निघाली लंडनमध्ये. तो चेल्सीत गेला आणि तेथील चित्रशाळेवर देखरेख करू लागला. उद्घाटनाच्या दिवशी घडवलेल्या काळ्या कलशांवरची चित्रेसुद्धा लंडनमध्येच रंगवली गेली. कारखान्याचा पहिलाच माल बाजाराच्या दारात येऊन पूर्ण झाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१२/ लंडनमध्ये बेंटलीने भांडी विकलीच, पण त्याहून अधिक काही केले. दालनात टेबले मांडून संपूर्ण संच सजवलेले असत आणि मांडणी अधूनमधून बदलली जाई. सरदार, विद्वान आणि कलासंग्राहक यांच्या घरी त्याची ऊठबस होती. अभिजनांना आता कोणत्या आकाराचे, कोणत्या रंगाचे वेड लागले आहे, याची बातमी तो एट्रुरियाला पाठवी आणि तेथील भट्टी त्यानुसार चाले.

१३/ रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी केलेला ‘बेडूक-चिन्हांकित’ भोजनसंच हे या पद्धतीचे शिखर होय. पन्नास जणांसाठी ९५२ नग आणि त्यांवर ब्रिटनमधील स्थळांची १,२२२ दृश्ये! रंगकाम चेल्सीत झाले. दृश्यांची फ्रेंच सूची बेंटलीने सिद्ध केली. १७७४ मध्ये ग्रीक स्ट्रीटवरील दालनात तो संच मांडला, तेव्हा राणी शार्लटही पाहायला आली. रशियाला जाण्यापूर्वीच त्या संचाने लंडन जिंकले.

१४/ या कथनावर एक रास्त आक्षेप आहे. माल उत्तम होता म्हणूनच तो विकला गेला. बेंटली नसता तर दुसरा कोणी आला असता. पण उत्तम माल घडवणारे कुंभार स्टॅफर्डशायरमध्ये इतरही होते. चांगले मडके घडवणे आणि ते मडके आपल्या घरी असलेच पाहिजे असे परक्याला वाटायला लावणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. वेजवुडला हे उमगले होते. म्हणूनच त्याने आपला जिवलग मित्र कारखान्याशेजारी न ठेवता लंडनला राहू दिला.

१५/ २६ नोव्हेंबर १७८० रोजी बेंटलीचे निधन झाले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये भागीदारीचा साठा लंडनमध्ये लिलावाने विकला गेला. बारा दिवस लिलाव चालला. लिव्हरपूलची पेढी सोपवायला एक बोर्डमन मिळाला होता; लंडनमधल्या बेंटलीची जागा घेणारा तसा माणूस वेजवुडला मिळाला नाही.

१६/ मग बेंटली विस्मृतीत का गेला? एक कारण कागदांत आहे. वेजवुडने बेंटलीला लिहिलेली शेकडो पत्रे टिकली. बेंटलीने वेजवुडला लिहिलेली बहुतेक हरवली. म्हणजे आज ऐकू येणारा संवाद एकतर्फी आहे. वेजवुड ज्या प्रश्नांना उत्तरे देतो, ते प्रश्नच ऐकू येत नाहीत. वेजवुड पेढीच्या जुन्या कागदांचा एक मोठा साठा तर एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या रद्दीवाल्याकडे सापडला.

१७/ यातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा धडा साधा आहे. ज्याची पत्रे उरली तोच कर्ता, असे मानण्याचा मोह टाळावा. यंत्रे, भट्ट्या आणि चाके संग्रहालयात ठेवता येतात. विश्वास, ओळख आणि अंदाज ठेवता येत नाहीत. म्हणून पहिल्यांचा इतिहास सहज लिहिला जातो आणि दुसऱ्यांचा राहून जातो.

१८/ औद्योगिक क्रांती ही वस्तू घडवण्याची क्रांती होती, तितकीच ती ग्राहक घडवण्याचीही होती. तिचा एक निर्णायक क्षण १७६९ मध्ये आला, जेव्हा एका अडत्याने आपली चालती पेढी सहकाऱ्याच्या हाती दिली, स्वतःसाठी बांधलेल्या घराकडे पाठ फिरवली आणि लंडनची वाट धरली. एट्रुरियातले कुंभाराचे चाक त्या दिवशी त्याच्याच हाताने फिरत होते, आणि पुढची अकरा वर्षे ते लंडनमधून फिरत राहिले. (समाप्त)