राऊटरची किल्ली कुणाच्या हाती?

मागच्या ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर अभिवादनाला आम्ही गेलो आणि रात्री धुळ्यात बहिणीकडे मुक्कामाला राहिलो. भाचा घरून काम करतो. त्याच्या टेबलावर चार अँटेनांची नवी पेटी होती. "मामा, तुम्हाला व्हीपीएनवाला राऊटर दाखवतो," असे म्हणून तो पुढे सरसावला, तोच बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी मामाले च्या दे, मंग दाखाड तुनी पेटी." च्या झाला, पेटीही पाहिली. पण आमचे मन जळगावच्या एका चाळीत गेले होते. त्याचे कारण आधी सांगतो.

त्या चाळीत पाच घरांत मिळून नेटचे एक कनेक्शन आहे. बिल वाटून भरतात. पेटी एका गृहस्थाच्या घरात, कनेक्शन त्यांच्या नावावर, पासवर्ड त्यांच्या हाती. किराणा उधारीवर येणाऱ्या घराने स्वतंत्र कनेक्शन कुठून घ्यावे? त्यामुळे या व्यवस्थेला कुणी नावे ठेवू नयेत. पण त्याच चाळीत एक लेक सासरचा जाच सहन न होऊन माहेरी आली. रात्री सगळे झोपले की ती मोबाईलवर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती शोधत असे. चार-आठ दिवसांनी पेटीवाले गृहस्थ ओट्यावर तिच्या वडिलांना म्हणाले, "तुमची पोरगी कोर्टकचेरीच्या साइटी फार बघते. लक्ष ठेवा जरा." गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना वाटले, आपण शेजारधर्म पाळतो आहोत. बापाची मान खाली गेली आणि लेकीने शोधणे सोडून दिले. ती आमच्याकडे कागद घेऊन आली तोवर दोन महिने वाया गेले होते. (जाता जाता सांगून ठेवतो, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे.)

गृहस्थांना हे दिसले कसे? आम्ही कारकून माणसे, आवक-जावक रजिस्टरच्या भाषेत आम्हाला चटकन कळते. हल्ली बहुतेक साइटींचा मजकूर बंद लिफाफ्यात जातो. आतले पत्र वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण लिफाफ्यावरचा पत्ता उघडा असतो आणि पेटी ज्याच्या ताब्यात त्याला जावक रजिस्टर पाहता येते. काही पेट्यांचे तर मोबाईल अ‍ॅपच असते. कोणत्या फोनवरून किती वाजता कोणती साइट उघडली, हे घरबसल्या दिसते. पेटीच्या पुढे नेट पुरवणारी कंपनी बसलेली, तिच्याकडेही तसेच रजिस्टर.

व्हीपीएन म्हणजे हे सगळे लिफाफे एका मोहोरबंद थैलीत घालून लांबच्या एका कचेरीत पाठवणे. तिथे थैली उघडते आणि पत्रे आपापल्या पत्त्यावर जातात. वाटेतल्या रजिस्टरात फक्त त्या कचेरीचा पत्ता राहतो. ही थैली एकेका मोबाईलवर बांधता येते किंवा राऊटरवरच बांधता येते. राऊटरवर बांधली की घरातले मोबाईल, टीव्ही, पोराचा लॅपटॉप सगळे तिच्यातून जातात, प्रत्येकावर वेगळे अ‍ॅप टाकावे लागत नाही.

भाचा हे रंगून सांगत होता. आम्ही त्याला विचारले, "चाळीतल्या त्या पेटीवर व्हीपीएन बसवले असते, तर पोरीचे शोधणे गृहस्थांना दिसले नसते का?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, "दिसले असते, मामा." थैली बांधली जाते पेटीत. मोबाईलपासून पेटीपर्यंत लिफाफे सुटेच येतात. कंपनीला दिसणार नाही, पण पेटीच्या धन्याला दिसणारच. राऊटरवरचे व्हीपीएन विकणारे ही गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगत नाहीत, पण सामायिक कनेक्शनवर राहणाऱ्या आपल्या लोकांना पहिल्यांदा तीच कळली पाहिजे.

मग उपाय निघाला तो असा. चाळीच्या पेटीला हात लावायचा नाही. लेकीच्या माहेरी एक लहानसा स्वतंत्र राऊटर ठेवायचा, चाळीच्या पेटीतून एक वायर त्यात आणायची आणि व्हीपीएन या घरच्या राऊटरवर चालवायचे. थैली आपल्याच घरात बांधून बाहेर पडते, मग चाळीच्या पेटीलाही नुसती थैलीच दिसते.

आता प्रश्न उरला थैली उघडणाऱ्याचा. तिथे बसलेल्याला सगळे पत्ते दिसतात. फुकटच्या अ‍ॅपवर आमचा भरवसा नाही. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचे फुकट व्हीपीएन लोकांनी सुरक्षेसाठी म्हणून घेतले आणि त्यातून लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती फेसबुक गोळा करत राहिले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्याबद्दल दोन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पैसे घेणाऱ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन वगैरे पाच वर्षे जपून ठेवावे. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. व्हीपीएन वापरणे हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. त्याच्या आडून गुन्हा केला तर मात्र तो गुन्हाच. शिवाय थैली सिंगापुरात उघडली की आपण परदेशातून आलो असे समजून काही सरकारी साइटी दारच उघडत नाहीत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख असताना हे परवडणारे नाही.

भाच्याने स्वतःच तोड काढली. "मामा, थैली माझ्याकडे धुळ्याला उघडू की!" त्याच्या राऊटरवर वायरगार्ड नावाची सोय होती. ही प्रणाली मोफत, तिचा कोड सर्वांना खुला, आणि २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेली. दोन्ही पेट्यांना एकेक गुप्त किल्ली, एकेक उघडी किल्ली. उघड्या किल्ल्यांची अदलाबदल केली की जोडणी होते. एकच अट, धुळ्याच्या पेटीला बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता हवा. बऱ्याच कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तिथे हे साधत नाही. भाच्याने कामासाठी जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतलेला होता.

आम्ही त्याला सावधही केले. चाळीतल्या घरातून कुणी काही भलते केले, तर पोलीस धुळ्यात तुझ्या दारात येतील, कारण बाहेर पत्ता तुझा दिसेल. तो म्हणाला, "मी सांभाळतो." आम्ही लेकीलाही स्पष्ट सांगितले, की आता शेजारच्या काकांऐवजी आमच्या भाच्यावर विश्वास टाकते आहेस. त्याला पसंत आहे का ते विचार करून सांग. तिने एक दिवस मागून घेतला. हे आम्हाला आवडले.

माणसाच्या घराची आणि कागदांची अशी राखण काही नवी मागणी नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात लोकांचे देह, घरे, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे असे कलम मांडले होते. ते घटनेत आले नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला, तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती. सरकारने झडती घेऊ नये हे ठीकच, पण ओट्यावरच्या झडतीचे काय, हा प्रश्न आम्हाला त्या चाळीने दाखवला.

बसवताना भाच्याने सगळ्यात आधी नव्या पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. मग थैली तुटली तर नेट बंदच पडावे, लिफाफे सुटे बाहेर जाऊ नयेत, अशी सोय केली. साइटचा पत्ता विचारणारी चौकशीसुद्धा थैलीतूनच जाईल हे तपासले, नाहीतर पत्रे थैलीत आणि पत्त्यांची यादी उघड्यावर, असा प्रकार होतो. वेग थोडा उतरला. लहान पेटीच्या अंगात तेवढा जोर नसतो. फोन करून ओटीपी काढून घेणाऱ्या ठगांपुढे यातले काहीही चालत नाही, हेही त्या घराला सांगितले. तशा फसवणुकीला १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे ताबडतोब फोन करावा.

लेकीचा अर्ज कोर्टात दाखल झाला आहे. तारखा पडत आहेत. चाळीतल्या गृहस्थांना आम्ही भेटून सारे सांगितले. ते ओशाळले आणि बिलातला वाटा पूर्वीसारखाच घेतात. तक्रार आता एकच, तिच्या लहान भावाची. धुळ्यात लाईट गेली की जळगावात त्याची क्रिकेटची मॅच अडकते, आणि तो आमच्या भाच्याला फोन लावून विचारतो, "दादा, लाईट कधी येईल?"