एक्स्चेंजमध्ये काय काय जातं?

पन्नाशीच्या आसपासच्या नवरेमंडळींना सध्या एक नवीन वेड लागलंय. मुलं शिकायला पुण्याला गेली, घराचे हप्ते संपत आले, गुडघे अजून शाबूत आहेत, मग आता हिमालय! आमच्या संगमनेरात आमच्या ओळखीच्याच चार घरांत ही चर्चा चालू आहे. मनालीहून लेहला मोटारसायकलवर जायचं, बारालाचाला थांबून फोटो काढायचा, आणि त्यासाठी आधी नवी टुरिंग बाइक घ्यायची. जुनी स्प्लेंडर एक्स्चेंजमध्ये द्यायची. झालं!

मैत्रिणींनो, मी या वेडाची चेष्टा करत नाहीये बरं का. ज्या माणसानं पंचवीस वर्षं ऑफिस, दूध, दवाखाना, पालकसभा एवढंच केलं, त्याला एकदा लांबच्या रस्त्याला लागावंसं वाटलं तर त्यात गैर काय? मला खटकतो तो 'एक्स्चेंज' हा शब्द. कसा गोंडस आहे बघा. जणू घरातलं काही जातच नाही, नुसती अदलाबदल होते! पण जाते ती गाडी कुणाची असते?

आमची स्प्लेंडर २०१२ सालची. कागदावर ह्यांच्या नावावर. पण तिच्यावरून गॅसची टाकी आली, सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, चिरंजीवांची दहावी-बारावी झाली. आणि २०१५ पासून आठवड्यातले दोन दिवस ती माझ्याकडे असते. बचत गटांच्या कामासाठी मला अकोले, राजूरकडच्या वाड्यांवर जावं लागतं. एसटी मुख्य रस्त्याला सोडते, पुढचे चार-पाच किलोमीटर पायी. म्हणून मी गाडी शिकले. पंजाबी ड्रेस घालून गिअरची मोटारसायकल चालवणारी बाई बघून पहिल्यांदा लोक हसले, आता पोरं लांबूनच "ताई आल्या" म्हणून ओरडतात. शोरूमवाल्यानं या गाडीची किंमत एकवीस हजार सांगितली. आमचा मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, बाहेर अठ्ठावीस कुठं गेले नाहीत." बरं, पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच, त्यामुळे आणखी थांबलं तर भाव पडणार हेही खरं. पण या सगळ्या हिशोबात माझ्या मंगळवार-शुक्रवारचा रकाना कुठेच नव्हता. नवी गाडी 'त्यांची', जुनी मात्र 'घरची', असं कसं? माझ्या ओळखीच्या घरांमध्ये बहुतेक ठिकाणी हेच दिसलं. जुनी गाडी विकून आलेले पैसे नवऱ्याच्या हौसेचं डाउन पेमेंट होतात, आणि बाई पुन्हा रिक्षाच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

मग मी हिमालयन नावाच्या त्या गाडीची माहिती काढली. नवी हिमालयन ४५२ सीसीची, वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर. आमची स्प्लेंडर साधारण ११२ किलो. म्हणजे चौऱ्याऐंशी किलोचा फरक, अख्खा एक दणकट माणूस! माझी उंची पाच फूट एक इंच. त्या सीटवर बसून माझे दोन्ही पाय जमिनीला टेकणं शक्य नाही. उतारावर, खडीवर ती कलली तर एकटीनं सावरणं त्याहून अवघड. म्हणजे ही गाडी घरात आली की माझ्यासाठी ती शोभेची वस्तू. शोरूमवाला हे सांगत नाही, कारण त्याला वाटतं बाई फक्त मागे बसायला आल्यात!

मागे बसण्याचंही एक आहे. मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायाला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. टुरिंगवाले बरेच हौशी लोक सामानाच्या पेट्या बसवताना सगळ्यात आधी तेच काढून टाकतात, गाडी 'दिसायला' बरी नाही म्हणून. ओढणी चाकात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे दिसण्याचं कौतुक मला सांगू नका.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकींच्या जीएसटीत मोठा बदल झाला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ टक्क्यांचा कर १८ टक्के झाला, आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर, जिथे सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. म्हणजे ४५२ सीसीची गाडी महाग झाली आणि ३४९ सीसीची स्वस्त! तीनशे एकोणपन्नासवाल्या मीटिओरची सीट ७६५ मिलिमीटर उंचीची आहे, माझे पाय टेकतात. वजन १९१ किलो आहे, म्हणजे फार हलकी नाहीच, पण पाय टेकले की निम्मी भीती जाते. हे म्हणतात, "अगं, खराब रस्त्याला ती चालत नाही, तिथं हिमालयनच पाहिजे." असेल. पण वर्षातले तीनशे पन्नास दिवस गाडी संगमनेर ते नाशिक रस्त्यावर धावणार आहे, बारालाचावर नाही! त्या पंधरा दिवसांसाठी मनालीत भाड्यानं बाइक मिळते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कागदांबद्दल. कारण हौस फसली तर पैसे जातात, कागद फसले तर घर जातं.

आमच्या एका गटातली बाई मागच्या वर्षी हातात एक पाकीट घेऊन आली. "ताई, कोर्टाचं कायतरी आलंय. मालकांनी गाडी इकून दोन वरसं झाली, आता आमचा काय संबंध?" नवऱ्यानं जुनी मोटारसायकल अठरा हजाराला शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला दिली होती. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, चहा झाला, चावी दिली, विषय संपला. नव्या मालकानं गाडी नावावर केली नाही, विमाही भरला नाही. पुढे ती तिसऱ्याच माणसाकडे गेली आणि अपघात झाला. समोरचा म्हातारा कायमचा अधू झाला. नुकसानभरपाईचा दावा आला तो आरसी बुकावर ज्याचं नाव, त्याच्यावर! घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक म्हैस. नवरा घाबरून आठ दिवस जेवला नाही. वकिलाच्या फीसाठी म्हैस गेली. तारखा अजून चालू आहेत.

वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितलं ते असं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक. त्या खटल्यातली गाडीही अशीच या हातातून त्या हातात फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. अपघातात जीव गेला आणि जबाबदारी त्या पहिल्या माणसावर आली. स्टॅम्प पेपर दाखवून सुटका झाली नाही.

म्हणून सांगते, गाडी शोरूमला द्या, मेव्हण्याला द्या नाहीतर गल्लीतल्या पोराला द्या, आरटीओची नोंद बदलेपर्यंत ती विकली असं समजू नका. विकणाऱ्यानं फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात असेल तर चौदा दिवसांच्या आत. घेणाऱ्यानं फॉर्म ३० भरून तीस दिवसांत गाडी नावावर करायची. आपल्याकडे रीत अशी, की एजंट दोन्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो आणि "काळजी करू नका काकू" म्हणतो. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही म्हणजे नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरून घ्यायची, त्याच्या आधारची झेरॉक्स आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो आपल्याकडे ठेवायचा. शोरूममध्ये जुनी गाडी सोडणार असाल तर जुन्या वाहनांच्या व्यवहारासाठी त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर नोंद झाली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. अधिकारपत्र नसेल आणि तो गडबडला, तर गाडी परत घरी आणा.

कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहतो, तो फॉर्म ३५ देऊन काढावा लागतो. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट नसेल तर हस्तांतरणाचं काम अडतं. विम्यात क्लेम न घेतल्याची सवलत साठलेली असते, वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत. ती गाडीची नाही, मालकाची असते! कंपनीकडून पत्र घेतलं की नव्या गाडीच्या विम्यात मिळते. शोरूममधला मुलगा आपणहून सांगेल अशी आशा नको.

हे सगळं नवऱ्याचं खातं, आपल्याला काय कळतंय, असं म्हणणाऱ्या बायका मला रोज भेटतात. अहो, म्हैस गेली ती कुणाची होती? दूध तीच काढत होती ना?

आणि टुरिंग म्हणजे पुरुषांचाच प्रांत, हेही आता राहिलेलं नाही. २०२३ साली पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. आपण काही जग फिरायला निघालो नाही, पण भंडारदऱ्याला पावसाळ्यात स्वतःच्या हातात हँडल घेऊन जायला काय हरकत आहे? माझी तर इच्छा आहे, लेहला जाताना निम्मा रस्ता मी चालवावा. हे ऐकल्यावर आमच्याकडे दोन दिवस शांतता होती.

सध्या आमच्या घरात बोलणी चालू आहेत. माझ्या अटी मी पानाच्या एका बाजूला लिहून फ्रिजवर लावल्यात. स्प्लेंडर विकायची नाही. नूतनीकरण करून ती राहील आणि आरसीवर माझं नाव चढेल. नवी गाडी दोघांचे पाय टेकतील अशी. साडीगार्ड काढायचं नाही. आणि सगळ्यात आधी आयएसआय मार्कची दोन हेल्मेट, कारण मागे बसणाऱ्यालाही ते कायद्यानं बंधनकारकच आहे. ह्यांनी तीन अटींसमोर बरोबरची खूण केलीय. पाय टेकण्याच्या अटीसमोर प्रश्नचिन्ह आहे. येत्या रविवारी नाशिकला जाऊन दोन्ही गाड्या चालवून बघायचं ठरलंय, दोघांनीही.