आयकर हटवण्याचा हिशेब कोणाच्या माथी?

आयकर मुळातूनच रद्द करावा, असे सुब्रमण्यम स्वामी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’ने या मागणीला पर्यायी आराखडाही दिला: आयात शुल्क वगळता सारे कर काढावेत, मोठ्या नोटा बंद कराव्यात आणि बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर सुमारे २ टक्के व्यवहार कर घ्यावा. या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नोकरदाराचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो, तर उत्पन्न दडवणारा मोकळा सुटतो. २०२२-२३ मध्ये सुमारे ७ कोटी ४० लाख लोकांनी विवरणपत्रे भरली. त्यांपैकी ५ कोटी १६ लाखांचा कर शून्य होता. मग उरलेल्या सव्वादोन कोटींसाठी एवढे मोठे खाते पोसायचे कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

सवाल रास्त वाटतो, पण त्यात माणसे मोजली आहेत, पैसे नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक आयकराचे अंदाजित उत्पन्न सुमारे १४ लाख ३८ हजार कोटी रुपये होते, म्हणजे केंद्राच्या एकूण करउत्पन्नाचा तिसरा हिस्सा आणि त्या वर्षीच्या संरक्षण खर्चाच्या दुपटीहून जास्त. करदाते थोडे आणि रक्कम एवढी मोठी, याचा अर्थ उत्पन्नच थोड्या हातांत एकवटले आहे आणि कर नेमका तिथे पोहोचतो आहे. शिवाय हा पैसा एकट्या दिल्लीचा नाही. राज्यघटनेच्या २७०व्या कलमानुसार त्यात राज्यांचाही वाटा असतो. आयकरच गेला तर खड्डा जीएसटीने भरावा लागेल, आणि केंद्राला त्यातून मिळणारी रक्कम दुपटीहून अधिक वाढवावी लागेल. साबण आणि औषध घेताना मजूर व कारखानदार सारख्याच दराने कर देतात, हे येथे विसरून चालणार नाही.

व्यवहार कराने हा पेच सुटतो का? सुटत नाही, उलट वाढतो. वर्षाला एक कोटीची उलाढाल करून दोन लाख कमावणारा घाऊक व्यापारी आज आयकर देत नाही; २ टक्के व्यवहार करात त्याची सारी कमाई जाईल. पन्नास लाख पगाराच्या अधिकाऱ्याला नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी सुमारे ११ लाख भरावे लागतात; तो एक लाखात सुटेल. व्यापारी कर किमतीत मिळवेल, असे कोणी म्हणेल. म्हणजे तो भरणार ग्राहकच. इचलकरंजीच्या कापडाचे पाहा: सूतविक्रेता, यंत्रमागधारक, प्रक्रिया करणारा, व्यापारी, दुकानदार अशा प्रत्येकाच्या खात्यात पैसे जमा होताना कर लागेल, आणि मागे भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही. जी कंपनी सूत ते शर्ट सारे स्वतःच्या छपराखाली करते, तिचे हे टप्पे मात्र करमुक्त राहतील. करावर कर बसू नये म्हणून २०१७ मध्ये जीएसटी आणला. ही योजना त्या दुखण्याला पुन्हा आमंत्रण देते. ब्राझीलमध्ये १९९७ ते २००७ या काळात बँक व्यवहारांवर कर होता, पण शेवटी ०.३८ टक्के दर असलेला तो कर आयकराच्या जोडीला होता, जागी नव्हे. आणि तोही तिथल्या सिनेटने पुढे चालू दिला नाही.

दुबईचा दाखला हमखास दिला जातो. पण आखातातील करमुक्ती तेलाच्या पैशावर उभी राहिली, आणि त्याच आखातात ओमानने २०२८ पासून मोठ्या उत्पन्नावर ५ टक्के आयकर लावण्याचा कायदा केला आहे. काळा पैसा आयकरामुळे निर्माण होतो, हा युक्तिवादही अर्धाच खरा. १९७३-७४ मध्ये सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. तेव्हा करचुकवेगिरीला दरानेच खतपाणी घातले, हे कबूल. आज तो दर राहिलेला नाही. आणि लाच किंवा जमिनीच्या व्यवहारातली रोकड बँकेत येतच नसेल, तर बँकेतल्या व्यवहारावरचा कर तिला गाठणार कसा?

आयकराची खरी बाजू अशी की माणसाची ऐपत विचारणारा मोठा कर हा एवढाच आहे. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढला, वारसा संपत्तीवरचा कर १९८५ मध्येच गेला. आता हाही गेला, तर ऐपतीचा प्रश्नच करव्यवस्थेतून हद्दपार होईल. म्हणून मागणी दुरुस्तीची हवी: उत्पन्नाचे टप्पे महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढावेत, शेतीच्या नावाखाली दडवलेल्या मोठ्या उत्पन्नाची छाननी व्हावी, परतावा वेळेत मिळावा. नोकरदाराचा राग खरा आहे. तो करचुकव्यांकडे वळवा. आयकर रद्द झाल्याने सर्वांत मोठी सूट त्यांनाच मिळेल, ज्यांना ती सर्वांत कमी गरजेची आहे.