परदेशी बीं आणि आपलें शिवार

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवचा एक तरुण आखातांतून सुटीवर आला. आपल्या कोरड्या माळावर खजूर लावूं, या आशेनें त्यानें बापासाठीं खजुराचे चार फुटवे, मुळांना तिकडचीच माती बांधून, सामानांत आणले होते. मुंबईच्या विमानतळावर ते काढून घेतले गेले. बाप पारावर बसून मला म्हणाला, "गुरुजी, पोरानें चोरून सोनें आणलें असतें तर गोष्ट निराळी. चार रोपट्यांनीं सरकारचें काय बुडत होतें?" साऱ्या पारानें मान हलविली. मी गप्प बसलों, कारण मलाही नीट ठाऊक नव्हतें. मागाहून वाचून, विचारून जें कळलें तें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें ठेवीत आहें.

परकें बीं म्हणजे वाईट, असें मी म्हणत नाहीं. मिरची, बटाटा, मका, भुईमूग, पेरू हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. परक्या बियाण्याला नांवें ठेवणारानें आधीं मिरचीवांचून भाकरी खाऊन दाखवावी. परंतु बियाण्याबरोबर जें न दिसणारें येतें, त्याचें काय? ज्या खजुरासाठीं आमचा शेजारी हळहळतो, त्याचीच गोष्ट ऐका. आपल्याकडे नारळ-शिंदींचीं खोडें आंतून पोखरणारा सोंड्या भुंगा आहे. १९८० नंतरच्या दहा वर्षांत तो आखाती देशांत पोंचला, आणि पुढें किडक्या फुटव्यांबरोबर एका देशांतून दुसऱ्यांत पसरत गेला. तिकडच्या शेतकऱ्यांच्या खजुराच्या बागाच्या बागा त्यानें आडव्या केल्या. मोरोक्को देशांत तर मातींतून पसरणाऱ्या एका बुरशीनें शंभर वर्षांत एक कोटीच्या वर खजुराचीं झाडें मारलीं. मुळाची मूठभर माती ही अशी असते!

आतां घरचें उदाहरण घ्या. २००८ सालीं तामिळनाडूंत कोइमतूरकडे मेक्सिकोच्या बाजूचा पिठ्या ढेकूण पपईवर दिसला. पपई झाली, मग तुतीवर चढला. तुती गेली कीं रेशमाचा किडा उपाशी, आणि रेशमावर पोट असणारा कारागीरही उपाशी. फवारण्या करून शेतकरी थकला. शेवटीं २०१० सालीं बंगलोरच्या सरकारी संस्थेनें पोर्टोरिको बेटावरून त्या ढेकणाचा वैरी, एक बारीक परोपजीवी कीटक, आणविला. तोही तसाच सोडला नाहीं. बंद जागेंत ठेवून, दुसऱ्या कशास अपाय करीत नाहीं अशी खात्री करून, मगच मोकळा केला. आणि ढेकूण आवरला. रोग चोरवाटेनें आला, औषध मात्र राजरस्त्यानें परवाना घेऊन आलें. यांतच सारें आलें.

यासाठींच १९१४ सालीं कायदा झाला, व त्याखालीं २००३ सालीं नवा हुकूम निघाला. पेरणीचें बीं किंवा लावणीचें रोप परदेशांतून आणावयाचें तर आधीं परवाना काढावा लागतो. माल जेथून निघतो तेथील सरकारचा, रोगकीड नसल्याचा दाखला लागतो. ठरल्या बंदरावर किंवा विमानतळावर तपासणी होते, आणि कांहीं रोपें येथें आल्यावरही निराळीं वाढवून पाहावीं लागतात. यालाच क्वारंटाईन म्हणतात. हा शब्द आपणांस नवा नाहीं. २०२० सालीं मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच लेकरांना आपण गांवच्या शाळेंत चौदा दिवस ठेवलें होतें. तें कांहीं वैरानें नव्हे. मग रोपट्याचा तेवढा रुसवा कां?

हें सर्व मीं त्या बापाला समजावलें. त्यानें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "गुरुजी, हें पोरगं विमानांत चढण्याआधीं कुणीं कां सांगितलें नाहीं?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरा दोष येथेंच आहे. मोठ्या व्यापाऱ्याच्या पदरीं अर्ज भरणारे दलाल असतात, वकील असतात. मजुरीला गेलेल्या कुणब्याच्या पोराला कायद्याची पहिली ओळख होते ती पिशवी हिसकली जाते तेव्हां! पीक बुडालें तर बुडणार शेतकऱ्याचें, आणि तें राखणारा कायदा मात्र शेतकऱ्याच्याच कानांवर नाहीं. आमच्या चावडीवर पीकविम्याचे कागद लागतात, कर्जवसुलीचे लागतात. या हुकुमाची एक ओळ मराठींत लागलेली मीं आजवर पाहिली नाहीं.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंति. हे नियम सोप्या मराठींत छापून चावडीवर, शाळेंत आणि पासपोर्टाच्या कचेरींत लावावे. लहान शेतकऱ्यास परदेशी वाण खरोखर पाहिजे असेल, तर त्याचा अर्ज तालुक्याच्या शेतकी कचेरीनें भरून द्यावा. आणि बंधूंनो, तोंवर परमुलखांतल्या आपल्या पोरांना इतकें कळवा, कीं बाबा, घरीं ये, खुशाल ये, पण सामानांत रोप आणि माती आणूं नकोस. चार फुटव्यांचें दुःख चार दिवसांचें. लागलेली कीड नातवंडांनाही फेडावी लागते.

— एक खेडवळ शाळामास्तर