सरेंडर व्हॅल्यू म्हणजे शरणागतीचा भाव

बँकेतल्या मशीनमध्ये मावशीने पासबुक दोनदा घातलं. पहिल्यांदा छापताना चुकलं असेल असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा मशीनने काही न छापताच पासबुक बाहेर ढकललं. म्हणजे चूक नव्हती. एक लाख भरले होते, तीस हजार आले होते.

मावसा महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. २०२० साली गेला. कशाने गेला ते लिहीत बसत नाही. गाडीवरची माणसं कशाने जातात ते हे पान वाचणाऱ्याला माहीत आहे. फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे मावशीच्या खात्यात आले. त्यातले बरेचसे पोरीच्या नर्सिंगच्या फीत गेले. उरलेल्यांची एफडी करायला ती २०२१च्या सप्टेंबरात बँकेत गेली, तर काचेच्या केबिनमधला टायवाला पोरगा चक्क उठून उभा राहिला. "मावशी, बसा. एफडीत काय ठेवलंय? त्याहून भारी स्कीम देतो. वर्षाला फक्त पन्नास हजार, दहा वर्षं. विमा पण, पैसे पण." बँकेत आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बसायला खुर्ची दिली. तिने सही केली.

तेव्हा त्या पोराच्या पुढ्यात तिचं पासबुक उघडं होतं. एका सोसायटीत झाडलोटीचं कंत्राटी काम, महिना नऊ हजार. वर्षाचे १,०८,०००. त्यातले ५०,००० ही बाई दहा वर्षं कुठून आणणार, हा हिशोब करायला काही अ‍ॅक्च्युअरी लागत नाही. वाण्याच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा सांगेल. पण टायवाल्याला दहा वर्षांशी मतलबच नव्हता. त्याला पहिला हप्ता पाहिजे होता.

दुसरा हप्ता तिने कसाबसा भरला. २०२३च्या जानेवारीत सोसायटीने कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली. मार्चमध्ये मावशी पॉलिसी मोडायला गेली. आता तोच पोरगा तिला 'मॅडम' म्हणाला. "मॅडम, रूल आहे. दुसऱ्या वर्षात सोडलं की तीस टक्के."

दोस्तहो, पोरगा खोटं बोलला नाही. राग त्याचाच जास्त येतो. विमा नियामकाने २०१९ साली छापलेला नियमच तसा होता. दुसऱ्या वर्षात सोडलं तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान तीस टक्के, तिसऱ्या वर्षात पस्तीस, चौथ्यापासून सातव्यापर्यंत पन्नास. मुदतीच्या शेवटच्या दोन वर्षांत नव्वद. म्हणजे शेवटच्या वर्षी निघालं तरी दहा टक्के ठेवून घेण्याची कंपनीला मुभा. आणि किमान म्हटलं की तेवढंच द्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. किमान वेतनाचं काय होतं ते बघा.

ह्या रकमेला नाव काय, तर सरेंडर व्हॅल्यू. सरकारी मराठीत समर्पण मूल्य. च्यायला, समर्पण! जणू बाई देवाला वाहायला गेली होती. सरेंडर म्हणजे हत्यार खाली टाकून हात वर करणं. शब्द त्यांचाच आहे आणि अगदी बरोबर आहे. ही शरणागतीच आहे, आणि तिला भाव लावलेला आहे.

आता समोरच्याची बाजूही ऐकू, नाहीतर म्हणतील ही पोरं नुसती बोंबलतात. कंपनी म्हणते, पॉलिसी विकायला सुरुवातीलाच खर्च येतो. कागद, तपासणी, स्टँप, दलाली. शिवाय दोन वर्षं बाईच्या जिवाची जोखीम आम्ही घेतली. ती मेली असती तर पाच लाख द्यावे लागले असते. मधेच निघून जाणाऱ्याला सगळं परत दिलं तर राहणाऱ्यांच्या खिशातून ते जाईल.

ह्यातलं जोखमीचं म्हणणं मला मान्य आहे. नुसत्या मरणाचा विमा, ज्याला टर्म म्हणतात, त्याचे पैसे परत मागायचे नसतात. वर्षभर छत्री वापरली, पाऊस पडला नाही म्हणून भाडं परत मिळत नाही. पण मावशीच्या एका लाखात जोखमीचा भाग किती? पाच लाखांच्या विम्याला दोन वर्षांत सत्तर हजार लागत नाहीत. त्याच्या जवळपासही लागत नाहीत. बाकीचा पैसा बचत म्हणून घेतलेला होता, 'पैसे पण' असं सांगून.

मग तो गेला कुठं? थोडा दलालीत. अशा लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या तीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत दलाली तेव्हा नियमात बसत होती. पुढच्या वर्षांना ती एकदम खाली येते. २०२३ साली दलालीची ही वेगळी मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत घातली. पहिल्या वर्षाला मलिदा आणि पुढच्याला चणे दिले, तर विकणारा पॉलिसी टिकवील कशाला? तो नवीन मावशी शोधील. बाकी पैसा गेला राहणाऱ्यांच्या बोनसात आणि मालकाच्या नफ्यात. बोनसवाल्या पॉलिसीचा हिशोबच तसा चालतो. अर्ध्यात सुटलेल्यांचं जे मागे उरतं ते शिलकीत जमा, आणि शिलकीतून बोनस.

राहतो कोण ते बघा. ज्याचा पगार एक तारखेला पडतो आणि हप्ता खात्यातून आपोआप जातो, तो राहतो. सुटतो कोण? नाक्यावर उभा राहणारा, कंत्राटी, घरकामवाली, डिलिव्हरीवर फिरणारा, ज्याची आयडी कंपनीने सकाळी उठून बंद केली तो. म्हणजे झाडूवालीच्या सत्तर हजारांतून कुणातरी कायम नोकरीवाल्याचा बोनस फुगतो. आणि तो बिचारा समजतो, आपण शिस्तीचे म्हणून आपलं भलं झालं.

शिस्त! एजंटांचा हा लाडका शब्द आहे. मोडणाऱ्याला दंड नसेल तर लोक बचत करणार नाहीत म्हणे. मग एफडी मोडली तर काय होतं? व्याजातला एखादा टक्का कापतात, मुद्दल शाबूत राहतं. आणि फ्लॅटच्या कर्जाचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१२ साली सांगून टाकलं, बदलत्या व्याजाचं गृहकर्ज कुणी मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायचा नाही. फ्लॅटवाला दुसऱ्या बँकेत स्वस्त व्याज बघून उडी मारतो, त्याची सुटका फुकट. तिथं शिस्त आठवत नाही.

युलिपचं कोष्टक तर भिंतीवर चिकटवून ठेवावं असं आहे. त्यात मधेच सोडण्याच्या दंडाला २०१० साली मर्यादा घातली. त्याआधी तर लूटच होती, तेव्हा मर्यादा आली हे चांगलंच झालं. पण कशी आली? २०१९च्या दुरुस्तीनंतर ती अशी. वर्षाला पन्नास हजारांपर्यंत हप्ता भरणाऱ्याने पहिल्या वर्षी सोडलं तर वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३,००० रुपये. पन्नास हजारांच्या वरचा असेल तर सहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ६,०००. आता मांडा. पंधरा हजार भरणाऱ्याचे तीन हजार जाऊ शकतात, म्हणजे पाचवा हिस्सा. दहा लाख भरणाऱ्याचे सहा हजार, म्हणजे शेकडा साठ पैसे. हे कुठल्या चोरट्या कंपनीने केलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमात लिहिलेलं आहे.

हा आकडा एकट्या मावशीचा नाही. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस ह्या तिघींनी २००४-०५ ते २०११-१२ ह्या काळाचा हिशोब मांडला होता. चुकीच्या पॉलिसी गळ्यात मारल्यामुळे लोकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये बुडाले, असा त्यांचा अंदाज निघाला. दीड लाख कोटी. दरोडा पडला म्हणून कुठं सायरन वाजला नाही.

मोडणाऱ्याला काहीतरी परत द्यायचं, ही गोष्टसुद्धा कंपन्यांनी दयेने दिलेली नाही. १८४४ साली एलिझर राइट नावाचा अमेरिकन माणूस लंडनला गेला होता. तिथल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये त्याने म्हाताऱ्यांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ता भरणं झेपत नाही, कंपनी दमडी परत देत नाही, म्हणून म्हातारा आपली पॉलिसी बोलीवर चढवायचा. घेणारा पुढचे हप्ते भरायचा आणि म्हातारा लवकर मरायची वाट बघायचा. राइट हा गुलामगिरीविरुद्ध लढलेला कार्यकर्ता. त्याला ह्यात गुलामांचा बाजारच दिसला. परत जाऊन तो मॅसॅच्युसेट्सचा विमा आयुक्त झाला, आणि १८६१ साली हप्ता चुकला म्हणून कंपनीला सगळं गिळता येणार नाही असा कायदा तिथं झाला. १८८० साली रोख परत देण्याचा झाला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या माणसांना अर्पण केली, त्यांच्यातलाच हा एक. सरेंडर व्हॅल्यू ही मुळात गुलामांच्या बाजूने लढलेल्या माणसाने ओढून घेतलेली चीज आहे. तिची तीस टक्के नंतर कुणी केली ते विचारा. आपल्याकडे १९३८च्या विमा कायद्यात तर तीन वर्षांचे हप्ते पूर्ण झाल्याशिवाय हक्कच नव्हता. अडीच वर्षं भरून सुटलेल्याला भोपळा.

आता म्हणतील, नियम बदललाय. बदललाय, खरं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या पॉलिसींना एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला तरी काहीतरी परत द्यावं लागतं, आणि ते मोजायची रीतही सुधारली. मावशीला नवा नियम लागू असता तर? दहातले दोन हप्ते भरले म्हणून पाच लाखांतले एक लाख तिच्या नावावर. ते आठ वर्षांनी मिळायचे, म्हणून साडेसात टक्क्यांनी मागे आणले तर छप्पन हजारांच्या आसपास. बोनसचं वेगळं. तीसच्या जागी छप्पन. हे सव्वीस हजार तिच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढे आहेत, म्हणून मी नाक मुरडणार नाही. पण तिची पॉलिसी २०२१ची, तिला त्यातला पैसा नाही.

आणि पुढचंही ऐका. नियम बदलला त्याच महिन्यात एलआयसीने एजंटांची पहिल्या वर्षाची दलाली पस्तीसवरून अठ्ठावीस टक्क्यांवर आणली, आणि आपल्या एन्डॉवमेंट योजनेतला लहानात लहान विमा एक लाखावरून दोन लाख केला. पहिली गोष्ट बरी. दुसरीचा अर्थ सरळ आहे. छोट्या गिऱ्हाइकाला लुटता येत नसेल तर त्याला दारातच उभं करायचं नाही. कंपन्या सरकारी असोत की खाजगी, आपल्यापुढे हे दोनच रस्ते ठेवतात.

तिसरा रस्ता लिहून ठेवलेला आहे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. विमा हा फक्त सरकारच्या हातात असावा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, ही मागणी त्यात आहे. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना २४५ कंपन्या आणि फंड सरकारने ताब्यात घेतले, १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. अर्धी मागणी झाली. २००० साली पुन्हा खाजगीला दार उघडलं, अर्धीचीही चतकोर झाली. पण 'मजुरीच्या प्रमाणात' हे शब्द कुणी हातच लावले नाहीत.

सगळी मेख त्याच शब्दांत आहे. हप्ता मजुरीला बांधलेला असेल तर मजुरी तुटल्यावर हप्ता थांबतो, पॉलिसी थांबून राहते, काम लागलं की पुन्हा चालते. त्यात गुन्हा कुणी केला? आज मात्र काम गेल्याची शिक्षा काम गेलेल्यालाच होते. पॉलिसी पुन्हा चालू करायची तर पाच वर्षांच्या आत थकलेले सगळे हप्ते व्याजासकट भरा, वर तब्येत ठणठणीत असल्याचं लिहून द्या. चार महिने उपाशी काढलेल्या बाईने! आपली मागणी साधी आहे. काम गेलं म्हणून पॉलिसी मोडणाऱ्याचा मरणाच्या जोखमीपुरता पैसा कापा आणि बाकीचा परत करा. ज्याने पासबुक बघूनही न झेपणारा हप्ता गळ्यात मारला त्याची दलाली त्याच्याकडून वसूल करा. विकणाऱ्याच्या चुकीचा दंड घेणाऱ्याने का भरायचा?

तोवर पोरांनो, एक काम करा. ह्या रविवारी आपापल्या घरातली ट्रंक उघडा. आईबापाच्या पॉलिसीचे कागद इंग्रजीत असतात, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत तसेच बांधून ठेवलेले असतात. हप्ता किती वर्षं भरायचा ते बघा. पॉलिसी नवीन असेल तर हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कापून पैसे परत मिळतात. ती तारीख पेनाने कागदावर मोठी लिहा. एफडी सांगून पॉलिसी दिली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात दाद लागली नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही. मुंबईतही कचेरी आहे, पुण्यातही.

आम्ही मावशीची तक्रार उशिरा केली. सरेंडरचा फॉर्म आधीच भरून झाला होता. त्यात पॉलिसी सोडण्याचं कारण लिहायला एक ओळ असते. मावशी म्हणाली, "लिवा, कंत्राटदार बदलला." टायवाल्याने लिहिलं, 'वैयक्तिक'.